हे दही नाही

जगातला एकही जीव मुळात वाईट नसतो, त्याची आणि आपली नीट ओळख व्हायची राहिलेली असते, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि तिचं माणसांशी मात्र कधी फारसं पटलं नाही. ही व्यक्ती म्हणजे माझी थोरली नणंद. आता नणंदेला नावाने हाक मारायचे दिवस आले आहेत, पण माझी जीभ जुन्या वळणाची, म्हणून मी अजून त्यांना वन्सं म्हणते. वन्सं नारायण पेठेत दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात. एकट्या हा शब्द आमचा. त्यांना तो मान्य नाही. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीच्या दिवशी इतर बायका शाल आणि श्रीफळ घेऊन घरी जातात तशा या काचेच्या नळ्या घेऊन घरी आल्या. त्या नळ्यांमधल्या जिवाणूंना त्या 'मंडळी' म्हणतात. 'मंडळी आज जरा सुस्त आहेत', 'मंडळींचा गूळ संपलाय', 'उन्हाचं निघत नाही, मंडळींना सोसायचं नाही.' फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंकडे कोकणातून पाहुणे आलेले दिसतात.

लग्नाच्या वयात त्यांना पाहायला एक स्थळ आलं होतं, ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. मुलाच्या आईने रीतीप्रमाणे विचारलं, "स्वयंपाक येतो ना?" वन्सं म्हणाल्या, "रोज करते. पण माझ्या हातचं जेवणारे दिसायला सूक्ष्मदर्शक लागतं." स्थळ चहा अर्धा ठेवून उठलं. सासूबाई हे सांगताना कपाळाला हात लावायच्या, पण तोंडावर हसू असायचं. पुढे लग्नाचा विषय कुणी काढला नाही, वन्संनी तर नाहीच.

आमच्या बिबवेवाडीच्या घरी त्या येतात तेव्हा आधी गॅलरीतल्या कुंड्यांना भेटतात आणि मग मला. चिमूटभर माती बोटांत चुरायची, नाकाशी न्यायची, आणि "पाणी जास्त घालतेस" असं म्हणत घरात यायचं. घरात आल्यावर नजर फरशी पुसायच्या बाटलीवर. सगळे जंतू मारणारं म्हणून त्या बाटलीची जाहिरात असते. एकदा ती बाटली हातात घेऊन त्यांनी त्यावरचा मजकूर शांतपणे वाचला आणि मला विचारलं, "सगळे मेले, तर उद्याचं दही कोण लावणार? तू?" तेव्हापासून त्या यायच्या असल्या की मी ती बाटली आधी लपवते. मंडईतले भाजीवालेसुद्धा त्यांना ओळखून आहेत. बाकीच्या बायका चांगली भाजी निवडून घेतात, या नासकी निवडतात. एका भाजीवालीने त्यांना माझ्यादेखत हाक मारली, "अहो ताई, या, तुमच्यासाठी बघा कसला झकास कुजका टोमॅटो राखून ठेवलाय!" आणि वन्संनी तो टोमॅटो असा काही निरखला, की मी बाजूला उभी राहून पर्समधला रुमाल शोधत बसले. घरी नेऊन त्या त्यावरची बुरशी वेगळी काढून वाढवतात. मंडळींची ताकद अजमावायला समोर कुणीतरी हवं ना. "पोलीस ठेवायचे तर चोर नकोत?" असा त्यांचा हिशेब.

त्यांचा फ्रीज हा या चोर-पोलिसांचा मुक्काम. खालच्या कप्प्यात एका माणसाला पुरेल एवढी भाजी, दूध, लिंबू, आणि वर सगळ्या नळ्या नि बरण्या. कुणा पाहुण्याने चुकून ताकाला म्हणून काही काढू नये यासाठी प्रत्येकीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी: 'हे दही नाही.' शेजारी 'हेही दही नाही.' आणि दाराच्या कप्प्यात एक वाटी: 'हे दही आहे, पण माझं आहे.' पेठेत राहून एवढी पाटी तर लिहिता यायलाच हवी.

पण वन्संचा खरा राग होता तो एका वाक्प्रचारावर. 'उत्साहावर विरजण पडलं' असं कुणी म्हटलं की त्या ते तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. आमच्याकडच्या एका लग्नात ध्वनिक्षेपक बंद पडला आणि मुलाचे काका उभे राहून म्हणाले, "या यंत्राने आमच्या उत्साहावर अगदी विरजण टाकलं बघा." तिसऱ्या रांगेतून वन्संचा आवाज आला, "टाकलं असेल तर छान झालं. झाकून ठेवा, सकाळपर्यंत लागेल." वन्संचं म्हणणं असं, की दुधात विरजण पडलं नाही तर दूध नुसतं नासतं. विरजण पडणं म्हणजे आधीच चांगल्यांनी जागा धरणं. मग नासवणाऱ्यांना शिरायला फट राहत नाही. "आणि ज्या शब्दामुळे घराघरात रोज दही लागतं तो शब्द तुम्ही वाईटाला वापरता! भाषेत तरी कृतज्ञता ठेवा." हे त्या इतक्या कळवळून म्हणायच्या, की काका पुढे त्यांना पाहिलं की बोलणंच थांबवत.

शेतीशी वन्संचा संबंध आला तो याच जागा धरण्यावरून. त्या नोकरीत असताना एका विद्यार्थिनीने त्यांना आपल्या आत्याकडे नेलं. आता शहराने गिळलेल्या एका गावात या आत्याचा मळा होता. तिला सगळे अक्का म्हणत. अक्कांच्या टोमॅटोला मर लागली होती. मर म्हणजे जमिनीतल्या बुरशीने येणारा रोग, काल टवटवीत असलेलं झाड आज मान टाकतं आणि शेजारच्याला घेऊन जातं. अख्खा वाफा वाळून गेला होता आणि कडेला बांधापाशी एकच झाड, कुणाशी काही संबंध नसल्यासारखं, हिरवंगार उभं होतं. सगळे वाळलेल्या झाडांकडे बघून हळहळत होते. वन्संनी मात्र त्या एका झाडापुढे बसकण मारली आणि अक्कांना विचारलं, "हे मला देता?" अक्कांना वाटलं, शहरातल्या बाईला रोप हवंय. वन्संनी ते मुळांसकट, मातीसकट उकरलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसल्या. त्या मुळांना चिकटलेल्या मातीतून त्यांनी ती मंडळी शोधून काढली. त्यात किती दिवस गेले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण वन्सं तेव्हा आईकडेच राहत, आणि सासूबाई म्हणायच्या, त्या वर्षी दिवाळीला नळ्यांपुढे फराळाच्या डब्यांना आमच्या घरात जागा नव्हती.

पुढच्या हंगामात अक्कांच्या रोपांची मुळं त्या मंडळींच्या पाण्यात बुडवून लावली आणि वाफा उभा राहिला. पूर्ण नाही, वन्सं हे नेहमी बजावून सांगतात. काही झाडं गेलीच. पण उभा राहिला. हे होतं कसं ते त्यांनी अक्कांना मोठ्या सोप्या शब्दांत सांगितलं होतं. एस्टी लागली की खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तसे हे मुळांवर आधी जाऊन बसतात. मग मागून बुरशी चढली तरी तिला टेकायला जागा मिळत नाही, आणि हे शेजाऱ्याच्या पोटाला काही राहूही देत नाहीत. तेव्हापासून लागवडीच्या आधी अक्कांकडे आणि आजूबाजूच्या चार मळ्यांत वन्संच्या बाटल्या जायच्या. बाटलीबरोबर एक सक्त सूचना जायची: सगळं वापरायचं, उरलेलं ठेवायचं नाही, पुढच्या वेळी माझ्याकडून ताजं न्यायचं. ज्या वाफ्यातून ती मंडळी आली त्याच्यावर आता एका गृहसंकुलाचा पोहण्याचा तलाव आहे. त्यामुळे ही मंडळी कुठे असतील तर ती वन्संच्या फ्रीजमध्ये, एवढंच खरं होतं.

गेल्या वर्षी वन्संच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. जाण्यापूर्वी, गावाला जाताना आपण नळ बंद करतो तशा त्यांनी वापरातल्या मंडळींच्या नळ्या उकळून धुऊन ठेवल्या. फक्त मूळ मंडळी राखली, साय काढलेल्या दुधात घालून एका लहान बरणीत, बर्फाच्या कप्प्यात. बुरश्यांच्या नळ्या तशाच राहू दिल्या. घरची किल्ली माझ्या यजमानांकडे होती. आमचे हे म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, वय झालं तरी त्यांच्या लेखी बंडू. ह्यांचा बहिणीवर जीव आहे आणि तो जीव ते कधी बोलून दाखवत नाहीत, साफसफाई करून दाखवतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, "घरी गेल्यावर जंतुसंसर्ग होऊ देऊ नका." झालं. ज्या बाईने जन्मभर जंतूंची बाजू घेतली तिच्या घरात हे फिनेल घेऊन शिरले.

फरशा पुसल्या, मोरी घासली, आणि मग फ्रीज. इथे ह्यांनी अतिशय काळजी घेतली, हे मला सांगितलंच पाहिजे. 'हे दही नाही' अशी चिठ्ठी असलेली एकूणएक नळी ह्यांनी हळुवार बाहेर काढली, कापसाने पुसली आणि होती त्या क्रमाने परत ठेवली. मग बर्फाच्या कप्प्यात ती बरणी सापडली. तिच्यावर वेगळी चिठ्ठी होती. वन्संनी आपल्या सगळ्यात लाडक्या मंडळींना आपला सगळ्यात लाडका शब्द दिला होता: 'विरजण.' ह्यांनी झाकण उघडलं. आत गोठलेलं पांढरं काहीतरी. बहीण इतके दिवस दवाखान्यात, विरजण जुनं झालं असणार. ह्यांनी ते मोरीत ओतलं, बरणी जंतुनाशकाने धुतली, उकळली, आणि येताना चितळ्यांचं दूध आणून त्याच बरणीत बहिणीसाठी ताजं दही लावलं. म्हणजे चोर सगळे सुखरूप आणि पोलीस मोरीतून नदीला.

वन्सं वॉकर टेकत घरात आल्या आणि खुर्चीवरही न बसता फ्रीजपाशी गेल्या. बराच वेळ दार उघडं राहिलं. मग त्यांनी विचारलं, "बंडू, इथली बरणी?"

"ते विरजण ना? फार जुनं झालं होतं, ताई. टाकून दिलं. नवीन लावलंय बघ, खालच्या कप्प्यात. मस्त लागलंय."

मी वन्संच्या पाठीशी उभी होते. मग त्यांनी दार लावलं, टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ." ह्यांनी दहीभात कालवून दिला. वन्संनी तो सगळा खाल्ला, वाटी बोटाने निपटली, आणि म्हणाल्या, "छान लागलंय रे." हे खूश होऊन भाजी आणायला खाली उतरले, तेव्हा त्यांनी मला ते विरजण म्हणजे काय होतं ते सांगितलं. "त्याला सांगू नकोस," म्हणाल्या. पण त्या वेळी माझा चेहरा असा झाला होता, की ह्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आत मला विचारलं, आणि मला सांगावंच लागलं.

त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी नको वाटतं. आमचे हे बहिणीच्या घरी जायचे आणि दारातल्या खुर्चीवर टेकून परत यायचे. फ्रीजच्या बाजूला बघायचे नाहीत. एकदा धीर करून म्हणाले, "ताई, शेतीच्या औषधांच्या दुकानात असले जिवाणू मिळतात म्हणे. मी आणू?" वन्सं म्हणाल्या, "मिळतात. चांगलेही असतात. पण ते वेगळं घराणं, बंडू." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सगळ्यांशी गोड वागू लागल्या, शेजारणींबरोबर मालिकांवर बोलू लागल्या, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली. एका दुपारी त्यांना बोलतं करायचं म्हणून मी मुद्दाम म्हटलं, "आमची महाबळेश्वरची सहल रद्द झाली हो वन्सं. सगळ्या उत्साहावर विरजण पडलं." आणि वाट बघत बसले. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "हं. होतं असं." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

लागवडीचे दिवस जवळ आले तेव्हा वन्संच म्हणाल्या, अक्कांना आपल्या तोंडाने सांगितलं पाहिजे, त्या बाटलीची वाट बघत असतील. ह्यांनी गाडी काढली. अक्कांचा उरलेला मळा आता उंच इमारतींच्या मागे आहे, दुपारीच तिथे सावली येते. अक्का रोपांना पाणी देत होत्या. वन्सं बाजेवर बसल्या, पाय लांब केला आणि प्रस्तावना न करता म्हणाल्या, "अक्का, यंदापासून औषध दुकानातून आणा. माझ्याकडची मंडळी संपली. सगळी गेली."

ह्यांनी मान खाली घातली. अक्कांनी एकदा ह्यांच्याकडे, एकदा वन्संच्या गुडघ्याकडे पाहिलं. "संपली? कशानं संपतील? हायती की माज्याकडं."

"तुमच्याकडे कुठून येतील?"

"गोठ्यात. डेऱ्यात. या बघाया."

वॉकर घेऊन वन्सं गोठ्यात कशा पोचल्या ते मला सांगता येणार नाही. कोपऱ्यात, फडकं बांधलेला एक काळा डेरा होता. अक्कांनी फडकं सोडलं. आंबट, गुळचट, मातकट असा वास आला. वन्संचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी मी तो आवाज ऐकत होते. "अक्का! मी काय सांगितलं होतं? सगळं वापरायचं, उरलेलं ठेवायचं नाही! सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं व्हतं की. दर साली सांगताय."

"मग?"

"अवो बाई, पयल्या दिशी तुमीच म्हनला व्हता ना, अक्का, हे मातीचं इरजान हाय? आता इरजान कुनी समदं घालवतं व्हय? थोडं मागं ठिवावंच लागतं. गूळ घालायचा, ताक घालायचं, पुन्यांदा लागतंय. शेजारनींनी मागितलं तर त्यास्नी काय न्हाई म्हनू?"

"ताकसुद्धा घातलंत?" वन्सं ओरडल्या. "देवा! काय काय शिरलं असेल यात!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि मग पदराने तोंड झाकून गोठ्यातच उभ्या राहिल्या. आमचे हे बाहेर जाऊन उगीचच गाडीची काच पुसत होते.

त्या डेऱ्यातलं बाटलीभर पाणी वन्संनी मांडीवर घेऊन आणलं, तेव्हाचं रोप आणलं होतं तसं. त्यात खरोखरच अख्खी जत्रा होती. पण वन्संच्या मंडळींना एक कला येते. कठीण वेळ आली की ती जाड पांघरूण घेऊन झोपतात आणि चटका सोसतात. वन्संनी ते पाणी तापवलं. बाकीचे गेले, पांघरूणवाले उरले. त्यांतून निवडत, पुन्हा वाढवत, पुन्हा निवडत त्या बसल्या. शेवटी परीक्षेला चोर हवे होते, आणि चोर होते, एकूणएक, कापसाने पुसून ठेवलेले. "बंडू," त्यांनी फोन केला, "तुझी हुशारी कामाला आली. ये."

आम्ही गेलो. काचेच्या ताटलीत एका बाजूने करडी बुरशी लोकरीसारखी पसरत आली होती आणि मधल्या, मंडळींच्या पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबली होती. मधे स्वच्छ, रिकामी पट्टी. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ताई, तीच आहेत का ही?"

"तीच असतील, नाहीतर त्यांची नातवंडं. छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार," वन्सं म्हणाल्या. "पण घराणं तेच दिसतंय." आणि त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आईविना वाढलेल्या पोराच्या ठेवावा तसा, जरी त्या दोघांची आई चांगली म्हातारी होऊन गेली होती.

आता बाटलीबरोबर जाणारी सूचना बदलली आहे. 'थोडं मागे ठेवा' असं वन्सं सगळ्यांना सांगतात, आणि मग न राहवून 'पण ताक घालू नका' असंही. वन्संचे सरावलेले हात हल्ली थोडे थरथरतात. मंडळींना उचलायची तार नळीत घालताना त्या श्वास रोखून धरतात आणि मी दुसरीकडे बघते. परवा अशीच त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा सहज म्हणाल्या, "अगं, मी गेले ना, की घर आवरायला बंडूला पाठवू नकोस." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता, वन्सं." "काहीतरी नाही. नीट सांगतेय," असं म्हणून त्यांनी एक लहान बरणी माझ्या पिशवीत ठेवली.

ती आता बिबवेवाडीत, आमच्या बर्फाच्या कप्प्यात आहे. चिठ्ठी ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे, चार वेळा खोडून: 'हे विरजण आहे. दही नाही. ताईचं आहे.' लाईट गेले की हे आधी फ्रीजपाशी जातात आणि दाराला पाठ लावून उभे राहतात, कुणी चुकून उघडू नये म्हणून. मी रोज दही संपत आलं की भांड्याच्या तळाशी चमचाभर राखते, आणि झाकण ठेवताना वन्संची आठवण येते.